हत्तीची जागा

मैत्रेयीचं पत्र आलं तेव्हा आमच्याकडे मटार सोलणं चाललं होतं, म्हणजे गेल्या वर्षीचा हिवाळा. पोस्टमनने जाडजूड पाकीट माझ्या बायकोच्या, वासंतीच्या हातात दिलं, "विदेश से है, अम्माजी" म्हणाला, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी लपवलंय. मला परदेशातून पत्र यावं असं माझ्या आयुष्यात काही घडलेलं नव्हतं. पत्ता चुकला असेल असंच मलाही वाटलं. पण पाकिटावर वळणदार देवनागरीत आणि खाली इंग्रजीत माझंच नाव होतं. त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही. होळी गेली, आंबे संपले, पाऊस आला, तरी नाही.

मैत्रेयी मूळची अमरावतीची. कंबोडियात एका पडक्या देवळाच्या भिंती पुन्हा उभ्या करण्याचं काम चालतं, तिथे ती कोसळलेल्या दगडांची जुळणी करते. एका मराठी दिवाळी अंकातला माझा लेख कुणीतरी तिच्यापर्यंत पोचवला होता. लेखाखाली संपादकांनी माझा लखनौचा, विकास नगरचा पत्ता छापला होता, म्हणून तिने पोस्टाने लिहिलं.

लेख फारसा कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. मी बँकेतला माणूस. बदली होऊन लखनौला आलो, मुलाला अमौसीच्या विमानतळावर नोकरी लागली, आणि राहिलो. निवृत्तीनंतर कैसरबागेतल्या लायब्ररीत जायला लागलो, तिथे एकदा ख्मेर देवळांच्या कोरीव भिंतींचं छायाचित्रांचं पुस्तक हाती आलं. ख्मेर म्हणजे कंबोडियाचे लोक. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी त्यांची शेजारच्या चाम लोकांशी युद्धं झाली, आणि ती त्यांनी देवळांच्या भिंतींवर कोरून ठेवली. त्या भिंतींवर मैलभर फौज चालत असते आणि फौजेतून हत्ती चालत असतात. लोक त्यांतले राजे पाहतात, छत्र्या मोजतात, कारण जितक्या छत्र्या तितका मोठा सरदार. मी का कोण जाणे, दोऱ्या पाहत बसलो. हत्तीच्या पाठीवरचा हौदा जागेवर राहतो तो दोऱ्यांमुळे. एक पोटाखालून, एक छातीवरून, आणि एक मागे शेपटीच्या मुळाखालून, तिला दुमची म्हणतात. शिल्पकारांनी प्रत्येक दोरी कोरली होती. ती कुठे ताणलेली, कुठे सैल, तेही. मी त्यावर लेख लिहिला.

मैत्रेयीने लिहिलं होतं: "काका, आमचा एक हत्ती बेघर आहे."

भिंतीचा एक दगड सापडला होता. त्यावर हत्तीचं धड होतं, डोकं नव्हतं. मागचे पाय वाकलेले. पाठीवर ढाल-भाला घेतलेला योद्धा. मानेवर माहूत, त्याचा अंकुश धरलेला हात वर उचललेला. भिंतीत या मापाच्या दोन जागा रिकाम्या होत्या, आणि दोन्हीकडे हत्ती एकाच दिशेला तोंड करून उभे होते, त्यामुळे दिशेवरून काही ठरत नव्हतं. पहिली जागा ऐन लढाईत, समोरून चाम फौज येतेय तिथे. दुसरी बरीच अलीकडे, नदीच्या काठावर. खाली पाण्यात मासे कोरलेले, आणि मागे रसदेच्या बैलगाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, कडेवर मुलं. तिच्या पथकातल्या बहुतेकांचं मत होतं की हा लढाईतलाच हत्ती. योद्धा वर आहे, माहूत अंकुश हाणतोय, हत्ती झेप घेतोय. सरळ आहे.

"पण तुम्ही दोऱ्यांवर लिहिलंय," तिने पुढे विचारलं होतं, "तर या दोऱ्या काय म्हणतात? सोबत दगडाचं ट्रेसिंग आणि भिंतीची छायाचित्रं पाठवतेय. उरलेला हत्ती तुम्हाला जसा वाटतो तसा पेन्सिलने काढून, कारणांसह परत पाठवाल का? पुढच्या पावसाळ्यानंतर दगड बसवायचा आहे. पोलादी खिळे घालून बसवतात. एकदा बसला की बसला."

ट्रेसिंग पेपर उलगडला तेव्हा जेवणाचं टेबल पुरलं नाही. मटारचं ताट वासंतीने खाली घेतलं.

"डोकं कुठाय याचं?" तिने विचारलं.

"तेच काढायचंय."

"तुम्ही?" ती म्हणाली. पण म्हणताना तिने पदराने टेबलाची कड पुसून घेतली, हे मी पाहिलं.

मला उत्तर ठाऊक होतं, किंवा ठाऊक असल्यासारखं वाटत होतं. छातीची दोरी सैल होती, पार लोंबत होती. दुमची मात्र तारेसारखी ताठ. म्हणजे पाठीवरचं ओझं पुढे सरकत होतं आणि मागची दोरी त्याला धरून होती. झेप घेणाऱ्या हत्तीचं ओझं मागे फेकलं जातं, पुढे नाही. ओझं पुढे येतं ते उतारावर. हा हत्ती काठावरून पाण्यात उतरत होता.

लहानपणी कऱ्हाडला सर्कस आली की तिचे हत्ती कृष्णेवर आंघोळीला नेत. पाठीवरच्या गादीसकट एक हत्ती काठ उतरताना पाहिल्याचं मला आठवतं. पुढचे पाय खांबासारखे सरळ, मागचे गुडघ्यांत वाकवून घसटत तो उतरला, आणि गादी त्याच्या खांद्यांवर आली. पण मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. इतक्या वर्षांनी आठवण काय सांगते आणि मी तिच्याकडून काय वदवून घेतो, याचा भरवसा कोण देणार?

आणि माहुताचा तो हात. अंकुश घेऊन वर गेलेला. काठावरून सावकाश उतरणाऱ्या हत्तीला कुठला माहूत अंकुश हाणील? तिथे माझं सगळं अडत होतं. एक उत्तर लिहिलं, फाडलं. दुसरं लिहिलं त्यात इतके "कदाचित" आले की वाचणाऱ्याला वाटावं, याला हत्ती आहे याचीही खात्री नाही. मी गप्प राहिलो तर दगड लढाईत बसणार. मी बोललो आणि चुकलो तर माझ्या शब्दावर नदीकाठी बसणार. कंबोडियाला मी गेलेलो नाही. त्या दगडाला माझा हात लागलेला नाही.

एका रविवारी नात पूर्वा मला स्कूटीवर बसवून गोमतीनगरच्या पार्कात घेऊन गेली. तिथे दगडी हत्तींच्या रांगा आहेत. त्यांच्या अंगावर लढाईच्या दोऱ्या असण्याचं काही कारण नव्हतं, त्यामुळे माझा प्रश्न काही सुटला नाही. पण त्या हत्तींमधून चालताना मान आपोआप ताठ झाली.

"आजोबा, आप तो परेड की सलामी ले रहे हो," पूर्वा हसून म्हणाली. ती मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते.

"पत्राचं काय करू ग?"

"लिख दो ना. क्या होगा ज़्यादा से ज़्यादा?"

"हत्ती चुकीच्या जागी बसेल."

"वो तो आप नहीं लिखोगे तब भी बैठेगा," ती म्हणाली आणि भेळेच्या गाडीकडे वळली.

ऑगस्ट संपता संपता आमच्या इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस चारुदत्त यांचा फोन आला. चारुदत्त सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले, अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. गणेशोत्सवात ते हॉलच्या दारात उभे राहिले की दुसरं कुणी आत जाऊ शकत नाही.

"पंढरीनाथराव, एक अडचण आहे. चौथ्या दिवशीच्या ऑर्केस्ट्राने पाठ दाखवली. तुम्ही उभे राहा."

"मी गात नाही हो."

"गाऊ नका. तुमचे ते हत्ती दाखवा. गजाननाचा उत्सव आहे, हत्ती चालतील. तासभर बोला, मग पावभाजी आहे."

मी नाही म्हणणार होतो. 'न' उच्चारलाही. पण वासंतीने फोन माझ्या हातून घेतला. "येतील हो ते," ती म्हणाली. "आणि पडदा चांगला मोठा लावा. आमचे हत्ती मोठे आहेत."

"आमचे" हा शब्द तिने कसा उच्चारला ते मला लिहिता येत नाही.

चौथ्या दिवशी हॉल भरला होता, पावभाजीचा वास येत होता. पुढे गाद्यांवर मुलं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. स्टेजवर उजवीकडे गणपती, डावीकडे पडदा. स्टेजच्या बाजूला फळ्यांचा एक उतार कायमचा ठोकलेला आहे. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती चाकांच्या गाड्यावर ठेवून त्यावरून खाली आणतात, म्हणून पूर्वीच्या कुणीतरी तो करून घेतला. एरवी मुलं त्याची घसरगुंडी करतात.

मी बोलायला लागलो. ख्मेर राजांच्या फौजेत हत्ती कसे असत, काहींच्या पाठीवर दोन धनुष्यं जोडलेलं यंत्र कसं बसवत, चाम सैनिकांची शिरस्त्राणं उलट्या फुलासारखी कशी दिसतात. पहिली पाच मिनिटं माझा आवाज माझ्यापर्यंतही पोचला नसावा.

"माइक खायचा नसतो, पंढरीनाथराव," चारुदत्त पहिल्या रांगेतून ओरडले, "पण ओठांना तरी लावा!"

हशा झाला. मी माइक जवळ घेतला आणि घाबरून थेट दोऱ्यांवर आलो. पडद्यावर एकामागून एक हत्ती, आणि मी सांगतोय, ही छातीची दोरी, ही पोटाची, ही दुमची. मुलं एकमेकांना चिमटे काढायला लागली. मागे कुणीतरी जांभई दिली ती आवाजासकट.

"अहो, दोरी झाली, दोरी झाली," चारुदत्त म्हणाले. "लढाई कधी सुरू होणार?"

"दोरीशिवाय लढाई होत नाही," मी म्हणालो. कसं म्हणालो मला माहीत नाही, पण माइकवर म्हणालो. "उतारावर एक दोरी तुटली तर सरदार हत्तीच्या डोक्यावरून खाली. मग लढणार कोण?"

"असं कसं? दाखवा!"

"कशावर दाखवू? हत्ती कुठून आणू?"

तेव्हा मागच्या खुर्च्यांतून वासंतीचा आवाज आला. "चारुदत्तभावजी आहेत की!"

हॉल असा हसला की गणपतीपुढची समई हलल्यासारखी वाटली. मुलं टाळ्या वाजवायला लागली. "हाथी! हाथी!" चारुदत्त उठले. मला वाटलं रागावले. पण त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, स्टेजवर आले आणि गणपतीला नमस्कार करून म्हणाले, "देवा, आजचा दिवस माफ कर." आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हात जमिनीला टेकले.

बैठकीचा एक लोड आणून त्यांच्या पाठीवर ठेवला. पडद्याची जास्तीची दोरी होती, ती मीच बांधली. पोटाखालून एक वेढा. छातीवरून एक. मागे दुमचीसाठी शेपूट हवं होतं.

"आमच्या चिटणीसांना शेपूट नाही," मी म्हणालो, "म्हणून पट्ट्याला बांधतो." मी विनोद केला होता, आणि लोक हसले. असं पूर्वी झाल्याचं मला आठवत नाही.

"आधी खालून वर या," मी सांगितलं. चारुदत्त उताराच्या पायथ्याशी गेले आणि रांगत वर चढले. लोड मागे सरकला, छातीची दोरी ताठ झाली, मागची लोंबायला लागली. "बघा," मी म्हणालो. आता सगळे बघत होते. मागची माणसं खुर्च्यांवरून उठून पुढे आली होती.

"आता खाली."

"दादू, मी पण!" चारुदत्तांची सहा वर्षांची नात शर्मिष्ठा स्टेजवर धावत आली. तिच्या हातात पावभाजीचा चमचा होता, जेवण वाढायला अजून वेळ होता तरी.

"बस, माझी माय," चारुदत्त म्हणाले. "माहुताशिवाय हत्ती कसला!"

तिला त्यांच्या मानेवर बसवलं. पूर्वा एका बाजूने हात पुढे धरून चालू लागली, मी दुसऱ्या बाजूने. चारुदत्त तोंड खाली करून उतरायला लागले. हात खांबासारखे सरळ, गुडघे वाकलेले, घसटत. लोड त्यांच्या खांद्यांकडे आला. छातीची दोरी सैल पडून फळीला लागायला लागली, आणि मागची, पट्ट्याला बांधलेली, ताठ झाली. ते सगळं मला अपेक्षित होतं. आठवण खोटी नव्हती, एवढं मनात आलं.

मग उतार जरा जास्त झाला तिथे शर्मिष्ठा पुढे झुकली, घाबरली, आणि झटकन मागे रेलली. मागे रेलताना तिचा उजवा हात, चमच्याचा, आपोआप वर गेला. उंच, मागे. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे पडू नये म्हणून शरीर जे करतं ते तिने केलं.

मी तो हात पाहत राहिलो. ट्रेसिंगवरची ती रेघ मी इतक्या वेळा पाहिली होती की डोळे मिटले तरी दिसायची. माहुताची पाठ मागे कललेली होती. मला ती दिसत आली होती, आणि मी तिच्याकडे बघितलं नव्हतं, अंकुशाकडे बघत होतो. अंकुश हाणणारा माणूस पुढे वाकतो.

"तो मारत नाहीये," मी म्हणालो. माइक माझ्या हातात होता, त्यामुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"कौन, आजोबा?" पूर्वाने विचारलं.

"माहूत. तो तोल सांभाळतोय."

"आधी मला कुणीतरी सांभाळा," खालून चारुदत्त म्हणाले. "कंबर धरलीय."

त्यांना उठवलं, लोड सोडला, पाणी दिलं. कुणी जागेवर परत गेलं नाही. मग मी मैत्रेयीचा दगड पडद्यावर लावला आणि सगळं सांगितलं. बेघर हत्ती, दोन जागा, पोलादी खिळे. पत्राला उत्तर दिलेलं नाही हेही सांगितलं. सगळे पडद्याकडे बघत होते. एक लहान मुलगा म्हणाला, "अरे हाँ, हाथ तो शर्मिष्ठा जैसा ही है," आणि शर्मिष्ठाने पुन्हा चमचा वर करून दाखवला.

मृणाल पुढे आली. ती इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे, कमी बोलते, आणि बोलते तेव्हा नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवते. "काका, एक शंका. शिल्पकाराने खरा हत्ती पाहून कोरलंय कशावरून? ठरलेला नमुना गिरवला असेल. मग दोरी सैल की ताठ, याला अर्थ काय?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी "तेही खरं" म्हणून खाली बसलो असतो. पण याचं उत्तर मला माहीत होतं. इतकी वर्षं मी तेच पाहत आलो होतो.

"नमुना असता तर सगळे हत्ती सारखे असते," मी म्हणालो. त्या भिंतीची मैत्रेयीने पाठवलेली छायाचित्रं मी लावली. "हे लढाईतले. मोजून पाहा हवं तर. प्रत्येकाची छातीची दोरी ताठ आहे, मागची सैल. प्रत्येकाचा माहूत पुढे वाकलाय, मागचे पाय ताणलेले आहेत. हा एकटा उलटा आहे. दोरीही उलटी, माहूतही, मागचे पायही. एक गोष्ट हाताच्या चुकीने होईल. तिन्ही एकदम होणार नाहीत. ज्याने हे कोरलं तो माणूस नदीच्या काठावर उभा राहून बघत होता."

"आणि लढाईचा हत्ती बैलगाड्यांच्या पुढे कशाला?" मृणालने विचारलं. पण आता तिचा आवाज बदलला होता. तिला उत्तर हवं होतं.

"नदी ओलांडताना हत्ती आधी पाण्यात घालत असत. ते वरच्या अंगाला उभे राहिले की पाण्याचा जोर त्यांच्या अंगावर मोडतो, आणि खालच्या बाजूने गाड्या, बायका, मुलं पार होतात. जुन्या युद्धांच्या वर्णनांत हे येतं. ज्या हत्तीवर सरदार बसलाय, जो उद्या चाम फौजेवर तुटून पडणार आहे, तो आज टोपल्या घेतलेल्या बायकांच्या आधी पाण्यात उतरतोय. कोरणाऱ्याला ते भिंतीवर ठेवावंसं वाटलं. राजाच्या देवळाच्या भिंतीवर."

मागे भाजी ढवळल्याचा आवाज येत होता. मला त्या कोरणाऱ्याचा इतका अभिमान वाटला की जणू तो आमच्याच आळीतला कुणी होता.

"आजोबा," पूर्वा म्हणाली, "आप शुअर हो?"

"हो," मी म्हणालो.

पुढे "कदाचित" येतंय का याची ती वाट पाहत होती. आलं नाही.

"मग लिहा की हो पत्र!" चारुदत्त कमरेवर हात दाबत म्हणाले. "आणि त्यात लिहा, लखनौच्या हत्तीनेही असंच सांगितलं म्हणून!"

पावभाजीच्या रांगेत मी वासंतीच्या मागे उभा होतो. तिच्यापुढे कानपूरहून आलेल्या कुणी पाहुण्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "ते बोलले ते कोण?" मला वाटलं वासंती म्हणेल, आमचे हे. ती म्हणाली, "ते पंढरीनाथ. हत्तींचे जाणकार आहेत." आणि मग मागे वळून मला म्हणाली, "ताट धरा नीट, कलतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर मी ट्रेसिंग पेपर पुन्हा टेबलावर पसरला. चारी कोपऱ्यांवर वासंतीने लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. पेन्सिलला टोक केलं आणि डोकं काढायला सुरुवात केली. ते वर उचललेलं काढलं नाही. उतरणारा हत्ती डोकं खाली घालतो. सोंड पुढे लांबवली आणि तिचं टोक पाण्याला टेकवलं, कारण पाय टाकण्याआधी तो तळ चाचपतो. खाली मैत्रेयीच्या छायाचित्रातले मासेही काढले, त्यांतला एक सोंडेजवळ आला.

"कान राहिला," वासंती शेजारी उभी राहून म्हणाली.

"काढतोय."

"मोठा काढा. हा काही सर्कशीतला नव्हे."

मग छातीची दोरी लोंबती दाखवली, दुमची ताठ, आणि प्रत्येकीपाशी बारीक अक्षरात कारण लिहिलं. माहुताच्या हातापाशी लिहिलं: "मारत नाही. मागे रेलून तोल सांभाळतो आहे. प्रयोगाने पडताळलं." प्रयोग कुणावर केला ते सोबतच्या पत्रात लिहिलं.

पत्र लहान झालं. उशीर का झाला याचं स्पष्टीकरण मी दोन परिच्छेद लिहिलं होतं, ते खोडलं. उरलं ते असं: "चि. मैत्रेयी, सप्रेम आशीर्वाद. हा हत्ती नदीकाठचा आहे. गाड्यांच्या पुढे, पाण्यात पहिलं पाऊल टाकणारा. त्याला तिथेच बसवा. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल तू आणि हत्ती दोघंही मला क्षमा करा. दगड बसल्यावर एक फोटो पाठव, इथे बरेच लोक वाट पाहत आहेत. तुझा, पंढरीनाथ." शेवटी "लखनौ" लिहिलं आणि उगाचच त्याखाली रेघ ओढली.

पूर्वा मला पोस्टात घेऊन गेली. ट्रेसिंग पेपर गुंडाळी करून नळीत घातला होता, ती नळी मी स्कूटीवर मांडीवर आडवी धरली. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "चचा, पतंग है क्या?" पूर्वा म्हणाली, "उससे भारी है."

काउंटरवरच्या बाईंनी नळी तोलली, पत्ता वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला.

"कंबोडिया? इसमें है क्या?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, की कागद आहेत, रेखाचित्र आहे, किंमत काही नाही. पूर्वाने माझ्या आधी सांगून टाकलं.

"हाथी है."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पूरा?"

"जी," मी म्हणालो. "अब पूरा है."

त्या हसल्या, नळीवर शिक्का उमटवला आणि ती मागच्या पिशवीत टाकली.